अंगठा नसलेल्या हाताची सही

व्यापारी घरात निवृत्तीची तारीख ठरलेली नसते. मुलगा हळूहळू व्यवहार हाती घेतो, नातू संगणकावर बिले करू लागतो आणि एके दिवशी घरातील ज्येष्ठांच्या लक्षात येते की, दुकानात आपली गरज आता आदरापुरती उरली आहे. नोकरदाराचे तसे नसते. बँकेतील अधिकाऱ्याला आपल्या सेवेचा शेवटचा दिवस कित्येक वर्षे आधीच ठाऊक असतो. मार्ग निराळे असले तरी दोघेही अखेर एकाच ठिकाणी येऊन पोचतात. सकाळी दहा वाजता कोठे जायचे, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच उभा राहतो.

पहिले वर्ष प्रवास, नातवंडे आणि प्रकृतीची काळजी यांत सुखाने निघून जाते. दुसऱ्या वर्षी मात्र जमाखर्च लिहिलेल्या, कागद पारखलेल्या आणि माणसे ओळखलेल्या हातांना काम हवेसे वाटू लागते. अशा वेळी पुष्कळांच्या मनात समाजसेवेचा विचार येतो आणि पुष्कळांचा तो विचार देणगीची पावती फाडण्यापाशी थांबतो. देणगीचे मोल कमी नाही. तथापि, काही कामे पैशाने पुरी होत नाहीत. तेथे माणसाला स्वतः जाऊन उभे राहावे लागते. समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेली एखादी भीती दूर करणे हे अशा कामांपैकी एक होय. कुष्ठरोगाविषयीची भीती हे तिचे सर्वांत जुने आणि अजूनही न संपलेले उदाहरण आहे.

‘निर्मूलन’ या शब्दाने झालेला घोटाळा

कुष्ठरोग आता संपला, असे सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. या समजुतीला कारण आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ साधल्याचे जाहीर झाले. परंतु त्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ मर्यादित होता. दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्णांचे प्रमाण एकापेक्षा कमी झाले, एवढेच त्यातून सांगायचे होते. लोकांनी मात्र रोग नाहीसा झाला असा अर्थ घेतला. वर्तमानपत्रांतून विषय मागे पडला आणि मदतीचा ओघही आटत गेला. प्रत्यक्षात आजही देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात.

त्यांतील प्रत्येकाला पूर्ण बरे होण्याची संधी आहे, ही तितकीच खरी गोष्ट. नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला आणि हा रोग शापाने, पापाने किंवा रक्तदोषाने होतो या कल्पनेचा पाया तेव्हाच ढासळला. पुढे १९८०च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती आली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषध घेतले की रुग्ण बरा होतो. हे औषध सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि निकट सहवासातच संसर्गाची शक्यता संभवते. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने, एका पंक्तीत जेवल्याने किंवा त्याच्या हातून नोट घेतल्याने हा रोग होत नाही.

खूण आणि रोग

मग भीती का जात नाही? तिचे मूळ एका साध्या गफलतीत आहे. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर आघात करतो. मज्जातंतू निकामी झाले की हातापायांची संवेदना हरपते. चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो, चपलेत शिरलेला खिळा दिवसभर टोचत राहतो आणि त्या माणसाला ते कळत नाही. जखमा चिघळतात, बोटे आखडतात आणि झिजत जातात. बोटे रोगाने गळून पडतात हा समज खोटा आहे. वेदना न कळल्यामुळे झालेल्या इजांनी ती नष्ट होतात. वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे दाखवून दिले आणि आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाचे केले.

औषधाने जंतू मरतो, परंतु आधीच गेलेले बोट परत येत नाही. रोग संपून तीस वर्षे झालेल्या माणसाच्या हातावर त्याची खूण तशीच राहते आणि पाहणारा त्या खुणेलाच रोग समजतो. देवीच्या रोगातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील व्रणांना कोणी रोग म्हटले नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत हा विवेक समाजाला अद्याप साधलेला नाही. याच्या उलटही घडते. ज्याला खरोखर औषधाची गरज असते, त्याच्या अंगावर बहुधा एखादा फिकट किंवा लालसर, बधिर चट्टाच असतो. तो खाजत नाही, दुखत नाही आणि सदऱ्याच्या बाहीखाली सहज झाकला जातो. संसर्ग संपलेल्याला समाज दूर लोटतो आणि ज्याला तातडीने दवाखान्यात न्यायला हवे, त्याच्याकडे त्याचे लक्षही जात नाही.

येथेच या प्रश्नाचा संबंध प्रत्येक दुकानाशी आणि कारखान्याशी येतो. गोदामात काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला दंडावर बधिर चट्टा दिसला, असे समजू या. मालकाला कळले तर काम जाईल, घरमालकाला कळले तर खोली जाईल आणि गावी कळले तर बहिणीचे लग्न मोडेल, अशी भीती त्याच्या मनात असेल तर तो चट्टा लपवील. लपवण्यात एक वर्ष गेले, दोन वर्षे गेली, तर औषध सुरू होईपर्यंत हाताचा मज्जातंतू निकामी झालेला असेल. त्याचा वाकडा हात पाहून इतरांची भीती आणखी वाढेल आणि पुढचा तरुण आपला चट्टा अधिकच कसोशीने लपवील. हे चक्र औषधाने तुटत नाही. औषध तर फुकट मिळतेच आहे. “दवाखान्यात जाऊन ये, तुझे काम तुझेच आहे”, हे मालकाचे एक वाक्य ते तोडू शकते. त्या तरुणाची बोटे वाचणे वा जाणे कित्येकदा या एका वाक्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्राची पूर्वपुण्याई

या कामात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय १८९० पासून उभे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरोगग्रस्त विद्वानांना महात्मा गांधींनी जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर मूठभर रुग्णांसह आनंदवनाचा आरंभ केला. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन गोष्टींची सांगड घालणारी कार्यपद्धती घडवली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्याच्या गावी जाऊन त्याला शोधण्याची ती पद्धत होती.

आनंदवनाच्या इतिहासातील एक प्रसंग व्यापारी घरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खडक फोडून, विहिरी खणून रुग्णांनी भाजी पिकवली, गाई पाळल्या. परंतु सुरुवातीला ती भाजी आणि ते दूध घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. माल चोख होता आणि पिकवणाऱ्यांचे कष्टही प्रामाणिक होते. तरीही पिकवणारे हात कोणाचे, या एकाच विचाराने बाजार पाठ फिरवून बसला. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांनी रुग्णांबरोबर बांधकाम केले आणि त्यांच्याबरोबर जेवण घेतले. हे पाहिल्यावर आसपासच्या लोकांची भीड हळूहळू चेपली. व्याख्यानांनी जे साधले नाही ते एकत्र राबण्याने आणि एकत्र जेवण्याने साधले. पुढच्या काळात आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय उभे राहिले आणि ज्या गावाने भाजी नाकारली होती त्या परिसरातील मुले तेथे शिकायला येऊ लागली.

कायद्याने फार उशिरा टाकलेली पावले

समाजाची भीती कायद्यातही उतरली होती. १८९८ च्या कायद्यान्वये निराधार कुष्ठरुग्णांना पकडून बंदिस्त ठेवता येत असे. रोगावर औषध नव्हते त्या काळातील हा कायदा, औषध येऊन तीन दशके उलटल्यावर, २०१६ मध्ये रद्द झाला. ओडिशातील नगरपालिका कायद्याने कुष्ठरुग्णाला नगरपालिकेच्या पदास अपात्र ठरवले होते आणि ती तरतूद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य धरली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैन समाजालाही लागू आहे. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात अशा तरतुदी काढण्याची शिफारस केली आणि २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्ती अधिनियमाने हे कारण पाच कायद्यांतून वगळले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ असा स्वतंत्र उल्लेख आला. हा शब्दप्रयोगही मनावर घ्यावा असा आहे. माणसाची ओळख रोगावरून न ठेवता त्याच्या बरे होण्यावरून ठेवण्याचा तो प्रयत्न आहे.

कायदा बदलला म्हणून खिडकीपलीकडच्या माणसाचे वर्तन आपोआप बदलत नाही. कागदावरील हक्क माणसाच्या पदरात पडेपर्यंत मध्ये अर्ज, दाखले, ठसे आणि सह्या यांची लांबलचक वाट असते. निवृत्त माणसाचे काम नेमके या वाटेवर आहे.

बँकेच्या खिडकीपाशी

ज्याची बोटे झिजली आहेत त्याला आपल्याच खात्यातून पैसे काढणे किती कठीण जाते, याची कल्पना धडधाकट माणसाला सहसा येत नाही. सही करता येत नाही. अंगठ्याचा ठसा घ्यावा तर अंगठा नाही, किंवा असला तरी त्यावरील रेषा पुसल्या गेल्या आहेत. ठसा ओळखणारे यंत्र प्रतिसाद देत नाही. मागे रांग वाढते, कोणी तोंडावर रुमाल धरतो आणि “उद्या या” असे उत्तर मिळते. अनुदानाच्या रकमेसाठी आलेला माणूस रिक्षाभाडे खर्चून रिकाम्या हाताने परततो.

खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या मनात दरवेळी दुष्टावा असतो असे नाही. पुष्कळदा त्याला नियम ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेविषयीच्या सूचनांत याची तरतूद आहे. आजारी, वृद्ध किंवा असमर्थ खातेदाराच्या हाताच्या अंगठ्याऐवजी पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दोन्ही हात गमावलेल्या खातेदाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या १९५० मधील निर्णयाचा आधार दिला जातो. सही म्हणजे त्या व्यक्तीच्या शरीराशी प्रत्यक्ष संपर्क आलेली खूण आणि ती कोणत्याही प्रकारे उमटवता येते, असे त्याचे सार आहे. आधारच्या बाबतीतही बोटांचे ठसे देऊ न शकणाऱ्यांसाठी अपवादाची पद्धत आहे; डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंदणी होऊ शकते आणि तेही शक्य नसेल तरी नोंदणी नाकारता येत नाही. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला आता चेहरा ओळखून भ्रमणध्वनीवरूनही देता येतो.

हे सारे नियम ठाऊक असलेला, शाखाधिकाऱ्याशी त्याच्याच भाषेत शांतपणे बोलू शकणारा एखादा माणूस त्या खातेदाराशेजारी उभा राहिला, तर काम पंधरा मिनिटांत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या महिन्यात तेच काम त्या माणसाच्या अनुपस्थितीतही होते, कारण आता खिडकीवरील कर्मचाऱ्याला वाट माहीत झालेली असते. स्वयंसेवकाच्या यशाची हीच खूण मानावी.

कागदपत्रांची गुंतागुंत येथे संपत नाही. कुष्ठरोग झाल्यावर घराण्याला बट्टा लागू नये म्हणून पुष्कळांनी गाव सोडताना नावही बदलले. चाळीस वर्षांनंतर शिधापत्रिकेवर एक नाव, मतदारयादीत दुसरे आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिसरेच, अशी स्थिती होते. प्रतिज्ञापत्र, आवश्यक तेथे राजपत्रातील नावबदल, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज आणि खात्यावर नामनिर्देशन, ही सारी कामे चिकाटीची आहेत. त्यांना वक्तृत्व लागत नाही. एक फाईल, पोच घेण्याची सवय आणि तहसील कार्यालयात तिसऱ्यांदा जाण्याची तयारी लागते. बँकेत किंवा पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाजवळ हे तिन्ही गुण असतात.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पासबुक, कार्ड आणि गुप्त क्रमांक खातेदाराजवळच राहिले पाहिजेत. सोयीसाठी म्हणून दहा जणांची पासबुके स्वयंसेवकाच्या कपाटात जमा होऊ लागली की, मदतीचे रूपांतर ताब्यात व्हायला वेळ लागत नाही. ज्या माणसाच्या आयुष्याचे निर्णय आजवर इतरांनीच घेतले, त्याला स्वतःच्या पैशावर स्वतःची खूण उमटवता येणे, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.

संस्थेच्या दप्तरात

लहान सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते निष्ठावान असतात. पण दप्तर पाहण्यास त्यांच्याजवळ माणूस नसतो. धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशेब वेळेवर जाणे, विश्वस्त बदलल्यावर बदल अहवाल नव्वद दिवसांत दाखल करणे, प्राप्तिकराच्या सवलतीची नोंदणी जिवंत ठेवणे, देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपूर्वी भरणे, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी आवश्यक ती नोंदणी करणे, यांतील एक जरी गोष्ट राहिली तरी चालू मदत अडकते. रोजकीर्द दररोज लिहिणारा, बँकेच्या उताऱ्याशी महिन्याचा मेळ घालणारा आणि खर्चाच्या प्रत्येक रकमेमागे पावती आहे की नाही हे पाहणारा एक निवृत्त माणूस मिळाला, तर कार्यकर्ते आपल्या मूळ कामाकडे वळू शकतात.

विक्रीच्या बाजूलाही मोठी उणीव असते. अशा संस्थांत सतरंज्या, चादरी, हातमागाचे कापड, कागदी वस्तू, पादत्राणे असा माल तयार होतो. परंतु मालाची प्रतवारी, किमतीची आकारणी, वेष्टन आणि वेळेवर पुरवठा यांत अनुभव कमी पडतो. व्यापाऱ्याने येथे दया बाजूला ठेवून व्यापारी दृष्टीने बोलावे. चादरीची शिवण सरळ हवी, रंग पक्का हवा, मापात फरक नको, असे त्याने स्पष्टपणे सांगावे आणि सुधारलेला माल रास्त भावाने घ्यावा. कीव म्हणून घेतलेली चादर एकदाच खपते. चांगली म्हणून घेतलेली चादर दुसऱ्या वर्षीही खपते आणि ती विणणाऱ्याला कारागीर म्हणून मान मिळवून देते.

घरचा उंबरठा

अशा कामाला निघालेल्या माणसाची पहिली परीक्षा बहुधा घरातच होते. “त्या वस्तीत जाऊन आलात, आता आंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नका”, असे सूनबाई काळजीपोटी म्हणतात. तेथे रागावून किंवा उपदेश करून काहीच साधत नाही. जिची भीती बाळाच्या प्रेमातून आली आहे तिला माहिती द्यावी, कुटुंबाच्या डॉक्टरांशी तिचे बोलणे करून द्यावे आणि काही महिने थांबावे. शक्य झाल्यास संस्थेच्या एखाद्या कार्यक्रमास घरच्या मंडळींना बरोबर न्यावे. पूर्वग्रह हा बहुधा न भेटलेल्या माणसाविषयी असतो. बोटे नसलेल्या हातांनी सफाईने माग चालवणारी बाई समोर पाहिली आणि तिने आपल्या नातवाच्या परीक्षेची काळजी बोलून दाखवली की, ऐकणाऱ्याच्या मनातील चित्र बदलू लागते.

स्वयंसेवकाने स्वतःची जीभही तपासून पाहावी. पहिल्याच भेटीत “हे कसे झाले?” असे विचारू नये. फळवाटपाचे छायाचित्र घेण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची संमती घ्यावी. पुष्कळांचे नातेवाईक गावी असतात आणि एका छायाचित्राने कोणाचे तरी ठरलेले लग्न अडू शकते. वयाने वडील असलेल्या माणसाला केवळ तो वस्तीत राहतो म्हणून अरेतुरे करू नये. चहा दिला तर घ्यावा. या शेवटच्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. तो पेला हातात घेतला जातो की नुसता ओठांना लावून खाली ठेवला जातो, हे तेथील प्रत्येक डोळा पाहत असतो.

आरंभ कसा करावा

आठवड्यातून दोन अर्धे दिवस आणि किमान एक वर्ष, एवढा शब्द देता येत असेल तरच कामाला हात घालावा. आरंभी विश्वस्तपद किंवा अध्यक्षपद स्वीकारू नये. संस्थेच्या कार्यालयात जाऊन, कोणते काम माणसाअभावी पडून आहे, एवढेच विचारावे आणि त्यातील एकच काम अंगावर घ्यावे. पहिले तीन महिने सुधारणा सुचवू नयेत. आधी दप्तर समजून घ्यावे. ज्यांना संस्थेत जाणे शक्य नाही त्यांनी आपल्या दुकानातून आरंभ करावा. अंगावरच्या बधिर चट्ट्याबद्दलची माहिती कामगारांना समजेल अशा शब्दांत सांगावी, तपासणीसाठी भरपगारी रजा द्यावी आणि निदान झाल्यास काम जाणार नाही हे सर्वांसमक्ष बोलून दाखवावे. रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींना प्रतिबंधक औषधाची एक मात्रा आता शासकीय कार्यक्रमातून दिली जाते. तिची माहितीही सांगावी. दरवर्षी ३० जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीस देशभर कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो. कामगारांशी बोलण्यास तो दिवस योग्य आहे.

वाचकांपैकी ज्यांचा गल्ला रोज उघडतो, त्यांच्यासाठी याहूनही सोपी एक गोष्ट उरते. झिजलेल्या बोटांचा गिऱ्हाईक समोर आला तर त्याची मोड काउंटरवर ठेवून पुढे सरकवू नये. इतर गिऱ्हाइकांना देतो तशी ती त्याच्या हातात द्यावी. दुकानात उभी असलेली इतर माणसे ते पाहतात आणि मालक जे करतो ते सुरक्षित असते, असे बाजार आजही मानतो.